दुसऱ्या अंजनाची गाडी

अंजना मेश्रामला साधी सायकल चालवता येत नव्हती. पण २०१३ सालच्या त्या कागदाप्रमाणे तिच्या नावावर मोटारसायकल होती आणि तिने वर्षभराचे हप्ते थकवले होते.

नवेगाव बांधच्या बँकेत ती डीप फ्रीजरसाठी कर्ज मागायला गेली होती. नवरा ताराचंद तळ्यावरून मासळी आणायचा आणि दुपार टळली की मिळेल त्या भावात विकून टाकायचा. फ्रीजर आला तर संध्याकाळचा बाजार हाती लागणार होता. साहेबांनी तिचा क्रेडिट रिपोर्ट काढून पुढे सरकवला. "ताई, आधी गाडीचे हप्ते भरा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

एवढा सत्यवचनी प्राणी गावात आहे हे अंजनाला माहीतच नव्हतं.

घरी सासूबाईंनी, अनुसयाबाईंनी, वेगळंच विचारलं. "गाडी कोठी लपवली वो? मले बी दवाखान्यात नेत जाय न."

तान्ही लेक साक्षी मांडीवर झोपली तशी अंजनाने एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने कागद उलगडला. नाव तिचं, गाव तिचं, जन्मतारीख एक जुलै, तीही तिचीच. मग तिला शालीकराम गुरुजी आठवले. पहिलीत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जुलै लिहून मोकळे होत. त्यांच्या कृपेने अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलं होतं. तिच्याच वर्गातली दुसरी एक अंजना पलीकडच्या टोलीवर, गावच्याच छोट्या वस्तीत, मेश्रामांच्याच घरात दिलेली होती.

अंजनाने रिपोर्ट बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडे तक्रार धाडली. कंपनीने गाडीला कर्ज देणाऱ्या गोंदियाच्या फायनान्सवाल्यांना विचारलं. त्यांनी कळवलं की नाव, गाव, जन्मतारीख जुळते, सबब नोंद बरोबर आहे. हे उत्तर येईपर्यंत साक्षीला दात आले आणि पहिला चावा आईलाच बसला.

शेवटी पोरीला कडेवर घेऊन अंजना टोलीवर गेली. दुसरी अंजना वांगी चिरत होती.

"गाडी माह्या मालकानं घेतली, माह्या नावावर. मंग विकून बी टाकली," ती म्हणाली. "आता कोणी विचारत नाई. बरं चालून राहिलं."

"तुले नाई विचारत, मले विचारून राहिले."

"मंग मी काऊन येऊ तुह्यासंगं? हप्ता माह्या गळ्यात पडंल."

"नोको येऊ. मी बी एखाद्या दुकानातून हप्त्यावर फ्रीजर आणतो न पैसे बुडवतो. त्या कॉम्प्युटरसाठी आपण दोघी एकच आहो. उद्या तुह्या पोराच्या, संघदीपच्या आयटीआयसाठी कर्ज मागाले जाशील, तं माही मासळी निघंल तुह्या नावावर."

दुसऱ्या अंजनाने उरलेली वांगी बाजूला सारली. मग विळी आडवी केली. "थांब. लुगडं बदलतो."

गोंदियाच्या ऑफिसात बाबूने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "नाम एक, गाँव एक, जनम भी एक. बहनें हो क्या?"

"नाई जी. दोन नवऱ्यांच्या दोन बायका आहो."

तेव्हा कुठे त्याने कपाटातून गाडीची फाइल काढली. आत दुसरीचा फोटो होता आणि सहीही होती. पहिल्या दिवसापासून तिथेच. फक्त फाइल उघडून पाहायची तसदी कोणी घेतली नव्हती. दुसरीने थोडे थोडे पैसे भरायचं कबूल केलं. नोंद दुरुस्त करायचं पत्र बाबूने उपकार केल्यासारखं मुंबईला धाडलं.

नवा रिपोर्ट घेऊन अंजना पुन्हा बँकेत गेली. साहेबांनी तो चाळला आणि सुस्कारा टाकला. "आता तुमची कर्जाची काहीच माहिती दिसत नाही. कधी कर्ज घेतलंच नाही, तर तुम्ही फेडता की नाही हे बँकेला कसं कळणार?"

साक्षीने त्यांचा पेन ओढून तोंडात घातला होता. अंजनाने तो पदराला पुसून परत त्यांच्या हातात ठेवला.

"तुम्ही द्यान तवाच कळंल न, साहेब."

साहेबांनी लहान फ्रीजरपुरतं मंजूर केलं, वर ताराचंदचा जामीन घेतला. आता दुपार टळली तरी ताराचंद गिऱ्हाइकाला आपला भाव सांगतो. कोणी घासाघीस केली की म्हणतो, "नोको घेऊ. संध्याकाळी ये."