सुयांचा मान

माझी माय, बुधरी, दम्याने पार खंगली होती. जिवतीच्या डोंगरातून एसटीने चंद्रपूरला माझ्याकडे यायची, तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत तीनदा खाली बसायची. दोन शब्द बोलली तरी धाप लागायची, म्हणून तिच्या वतीने सगळीकडे मीच बोलायचे. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप होता, पण हिवाळ्यात तोही पुरेना. मग मीच तिला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

केसासारख्या बारीक सुया बघून मायला हसू आलं. "काटे तं रानात फुकट भेटते वं, रंजीता!"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बजावलं, सुया जोडीला आहेत, पंप सोडायचा नाही. मी मान डोलावली. माय इतकी वर्षं पंप घेतच होती, तिला वेगळं काय सांगायचं?

दर मंगळवारी ती यायची. सुया टोचताना डॉक्टर विचारायचे, "पंप सुरू आहे ना?" मी "हो" म्हणायचे. सहाव्या खेपेला माय स्टँडवरून न बसता चालत आली. मी गल्लीभर सांगत सुटले. खोटं कशाला बोलू, श्रेय मला हवंच होतं.

मग मोहाची फुलं वेचायचे दिवस आले. फुलं नीट दिसावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात. "माय, वेचाले जाऊ नको, धूर रायते," मी फोनवर म्हटलं.

"आता काऊन भेवू? सुया हायेत ना."

मीही हट्ट धरला नाही. तिसऱ्या दिवशी माय टोपली घेऊन झाडाखाली बसली, ती उठलीच नाही.

मी गावी गेले, तेव्हा बाबांनी फडक्यात बांधलेले तीन पंप माझ्यापुढे ठेवले. एकाचंही सील तोडलेलं नव्हतं.

"पहिल्या सुईपासूनच सोडले तिनं," बाबा म्हणाले. "पुजाऱ्याची जडी घेतली का दुसरी दवा घ्याची नाई, नाई तं जडी रुसते. सुयांचाई तिनं तसाच मान ठेवला. मले वाटलं, डॉक्टरले मालूम असन."

डॉक्टरांना कसं माहीत असणार? उत्तर तर मी देत होते.

शेवटच्या मंगळवारी त्यांनी पंपाचं विचारलं, तेव्हा सुया टोचलेला हात मायने जरासा उचलला होता. तिला काहीतरी सांगायचं होतं.

"तू बोलू नको, माय," मी म्हटलं. "दम लागन."