नायाच्या पणजीची कयाक

घाटकोपरला वाढलेली नीलम साळवे ग्रीनलंडच्या गोठलेल्या जमिनीत जुनी घरं उकरायला जाते, हे चारचौघींना समजावताना तिच्या आईच्या, नंदाबाईंच्या, नाकी नऊ यायचे. ‘पुरातत्त्व’ म्हटलं की शेजारणी वेरूळबद्दल विचारायच्या. नंदाबाई म्हणायच्या, “अगं, तसलं नाही. तिकडे बर्फ वितळतोय, समुद्र जुनी घरं खातोय. ती बुडायच्या आत ही जाऊन वाचवते.”

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दगडमातीच्या घरात, झोपायच्या ओट्याखाली, नीलमला कयाकचा सांगाडा सापडला. कयाक म्हणजे तिकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची एकट्यानं वल्हवायची होडी. लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं, आणि वर बसायला एक गोल कडं ठेवायचं. ही कयाक लांबीला पुरेपूर होती, पण रुंदीला अगदीच चिंचोळी. शेजारीच, तिकडच्या बायका वापरतात तसली अर्धगोल सुरी पडलेली.

गावातल्या नाया नावाच्या आजीबाईंनी ती बघितली आणि त्या खालीच बसल्या. “माझी पणजी,” त्या म्हणाल्या. “नवरा समुद्रात बुडाला, तेव्हा तिनं स्वतःच्या मापाची कयाक बांधून घेतली. सील मारून चार पोरं जगवली. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”

उत्खननाचे प्रमुख डॉ. हेन्रिक वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी मान हलवली. “गोष्ट सुंदर आहे. पण एवढी अरुंद होडी पाण्यावर ठरणारच नाही. ही मिरवायची वस्तू असणार.” आणि संग्रहालयात पाटी लागली : ‘शोभेची कयाक. वापरलेली नाही.’

पाटी वाचताना नायांचा पडलेला चेहरा नीलमच्या डोळ्यांपुढून हलेना. मुंबईला परतल्यावर ती थेट साकीनाक्याला, मावसभाऊ मिथुनच्या वर्कशॉपमध्ये गेली. मिथुन दुकानांच्या कमानी आणि मंडपाचे सांगाडे बनवायचा.

“होडी बांधायचीय. एकही खिळा न मारता.”

“वेडी झालीस काय गं? खिळ्याशिवाय उभी कशी राहणार?”

“नुसती बांधून. लाटेत वाकली पाहिजे, मोडता कामा नये.”

मिथुननं मोजमापांचे फोटो निरखले. “झकास आहे यार,” तो पुटपुटला आणि लगेच कामट्या वाफवायला टाकल्या.

सीलच्या कातड्याऐवजी जाड कॅनव्हास आणला. तो शिवायला नंदाबाई बसल्या. उत्तरेतही कातडं बायकाच शिवायच्या, हे लेकीनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.” पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक शिवण दुहेरी घातली.

होडी तयार झाल्यावर आधी मिथुन बसायला गेला. कमरेशीच अडकला, दोघींनी धरून ओढून काढला. मग नीलम बसली. पावणेपाच फुटांची नीलम. वर्गात कायम पहिल्या बाकावर बसवलेली, बसमध्ये कंडक्टरनं अजूनही ‘ए बाळ’ म्हणावं अशी. तिची कंबर कड्यात अलगद उतरली. पाय लांब केले तर तळवे नेमके आडव्या पट्टीला टेकले, गुडघे कड्याखाली घट्ट बसले. तिच्यासारख्याच चणीची कुणीतरी बाई या मापात कधीकाळी बसली होती, एवढंच तिला जाणवत राहिलं.

पुढच्या भरतीला माहुलच्या धक्क्यावरून होडी पाण्यात सोडली. दोन वल्ही मारली असतील नसतील, होडी पालथी! नीलम डोकं खाली, पाय वर. मिथुननं कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उडी टाकून तिला बाहेर खेचलं. नाकातोंडात तेलकट पाणी गेलेलं.

“वाट लागली,” मिथुन म्हणाला. “तुझा तो साहेबच बरोबर होता ना?”

नीलमनं जे झालं ते हेन्रिकना खरंखरं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं : अपेक्षितच होतं. मग तिनं नायांना फोन लावला. माफीच मागायची होती.

“उलटली?” आजीबाई हसायलाच लागल्या. “कयाक उलटतेच, पोरी. वर यायला शिकलीस का?”

त्या दिवसापासून नायांची शिकवणी सुरू झाली. मुलुंडच्या एका तरणतलावात दुपारी गर्दी नसे, तिथल्या प्रशिक्षकांनी परवानगी दिली. मिथुन फोन धरून काठावर, फोनमध्ये नाया. नीलम मुद्दाम होडी पालथी करायची, पाण्याखाली वल्हं फिरवायची आणि पुन्हा पुन्हा अर्ध्यातून कोसळायची. “डोकं आधी वर काढतेस,” नाया ओरडायच्या. “श्वासाची घाई नको! आधी कंबर, डोकं सगळ्यात शेवटी!” आठवडेच्या आठवडे गेले. मांड्या सोलवटल्या, कान दुखायला लागले. नंदाबाई रात्री तेल कोमट करून द्यायच्या, पण सोडून दे, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

आणि एका दुपारी, पाण्याखालच्या निळ्या शांततेत, नीलमनं घाई केली नाही. वल्हं सावकाश फिरलं, कमरेनं होडीला झटका दिला आणि आख्खी होडी तिच्यासकट सरळ झाली. मिथुन एवढ्यानं किंचाळला की पलीकडची पोरं पोहायची थांबली.

त्याच आठवड्यात हेन्रिकना बघायला बोलावलं. फोनच्या पडद्यावर नायांच्या गावातलं सभागृह गच्च भरलेलं, पुढे हेन्रिक आणि त्यांच्या शेजारी नाया. नीलमनं होडी उजवीकडून पालथी करून सरळ केली, मग डावीकडून. तिसऱ्यांदा वर येताना वल्हं एका हातात उंच धरलं होतं. मग तिनं होडी काठावर घेतली आणि कड्याची आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. इतक्या दिवसांत तिचे गुडघे घासून तिथे दोन गुळगुळीत डाग पडले होते.

“आता जुन्या कड्याचा फोटो बघा, सर.”

हेन्रिकनी दोन्ही कडी ताडून पाहिली. डाग त्याच दोन जागी होते, तसेच, फक्त जास्त खोल. कितीतरी वर्षांच्या वापराचे.

“ही वल्हवलेली आहे,” ते अखेर म्हणाले, आणि खुर्चीतून वळून नायांकडे बघितलं. “रोज वल्हवलेली. माझं चुकलं. पाटी मी स्वतः काढतो. नवी काय लिहायची, तुम्ही सांगा.”

नाया उठल्या. त्यांनी एक नाव उच्चारलं, पणजीचं. मागच्या रांगेतून कुणीतरी ते नाव मोठ्यानं घेतलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या सभागृहानं. मुलुंडच्या त्या तलावाकाठी मिथुनचा फोन त्या आवाजानं थरथरायला लागला. शेजारी उभ्या नंदाबाईंना ते नाव नीट म्हणता येईना, तरी त्यांनीही ते म्हटलं, पदरानं डोळे पुसत, दोनदा.