अठरा वर्षांच्या तारा

आमच्या घरात माझ्या कोटाला खुंटी नाही, पण नवऱ्याच्या बास गिटारला स्वतंत्र कपाट आहे. मधे नारिंगी, कडेला काळपट होत गेलेली, आणि वजन असं की तासभर गळ्यात घातली की माणूस एका बाजूला कलतो. नवरा कललेलाच आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी सरळ बसवतो आणि घरी तिरका चालत येतो.

"अठरा वर्षांत एक तार तुटली नाही," हे तो पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी सांगतो. "बासची तार तुटत नसतेच!" तुटत नाही म्हणून बदलायची नाही, आणि बोटांच्या मळाने आवाज गोड होतो म्हणून पुसायचीही नाही. उशीचे अभ्रे मात्र दर आठवड्याला धुतलेले हवेत.

लेक शनिवारी पहिल्यांदाच सभागृहात वाजवणार होती आणि तिला बापाची गिटार हवी होती. तिची स्वतःची जुन्या बाजारातली. काळी, टवके उडालेली, हाताच्या मुठीत सहज मावेल इतक्या बारीक मानेची.

"तुझी पातेल्यासारखी खणखणते," बाप म्हणाला. "माझी हुंकारते. डोळे मिटून ओळखेन मी."

"मग ओळख," मी म्हणाले. मला राहवत नाही.

ठरलं ते असं. त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. स्वतःची ओळखली तर ती घराबाहेर जाणार नाही, चुकला तर शनिवारी लेक नेणार. साक्षीला गिटार दुरुस्त करणारे काका आले आणि येताना आपली पाच तारांची घेऊन आले. फिकं लाकूड, पॉलिश नाही, हाताला रंधा मारलेल्या फळीसारखी.

लेकीने आधी तीच घेतली. सवयीची नव्हती, म्हणून जपून वाजवली. आवाज इतका खोल गेला की खिडकीची काच थरथरली.

"स्वच्छ आहे, पण इस्त्रीच्या सदऱ्यासारखी. काकांची," भिंतीकडून निकाल आला. बरोबर होता. नवऱ्याने ऐटीत पाय पसरले.

मग तिने आपली काळी उचलली. खणखणाट कमी करायचं बटण पार खाली फिरवलं, आमच्याकडे बघून डोळा मिचकावला आणि तीच चाल वाजवली. आता हात मोकळा झाला होता.

"बास! पुढचं ऐकायलाच नको," नवरा ओरडला. "ही माझी. शेवटच्या सुरावरून बोट अलगद घसरवायचं, ही खोड जगात कुणाला नाही!"

तो वळला. लेकीच्या हातात काळी होती. काका छताकडे बघायला लागले.

"ते घसरवणं तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कोण शिकवणार? तुझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझी खाट आहे, बाबा."

माझ्या जिभेवर दहा टोमणे तयार होते. ते गिळले आणि मी ताटं वाढायला घेतली.

त्याने कपाट उघडून आपली गिटार बाहेर काढली. "हरलो. घेऊन जा."

"नको," लेक म्हणाली. "तुला हीच तुझी वाटली ना? मग मी हीच नेते." आणि ती जेवायला बसली.

पुढचे दोन दिवस घरात विक्रेता शिरल्यासारखं झालं. "तशी काही फार जड नाही ती." "मान रुंद आहे, पण हात बसतो हं." अठरा वर्षं कुणाला बोट लावू न देणारा माणूस आता लेकीच्या मागे मागे फिरत होता आणि ती कानात गाणी घालून बसली होती.

शनिवारी लेक आपली काळी घेऊन पुढे गेली. मी सभागृहाच्या दाराशी पोचले तर नवरा तिथे आधीच उभा, गळ्यात कपाटातली गिटार, नेहमीसारखा कललेला.

"ही कशाला आणलीस?"

"असू दे," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "ऐनवेळी तिची तार तुटली तर?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर गिटारच्या पट्ट्यावर गेली. अठरा वर्षं एकाच भोकात अडकवलेला तो पट्टा तीन भोकं आखूड केला होता. गिटार त्याच्या पार छातीशी आली होती. लेकीला मात्र बरोबर कमरेशी बसली असती.

"खरंच," मी म्हणाले, "तारांचं काही सांगता येत नाही."