घंटेत कोंबलेला कापूस

मी एक जुने, हाताने फिरवायचे आकडेयंत्र आहे. मित्रांनो, मला वीज लागत नाही. मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी, आणि उत्तर शून्याखाली गेले की माझ्या पोटातली घंटा वाजते. त्या घंटेचा मला फार अभिमान होता. आता तिची आठवणही नकोशी होते.

ताजिकिस्तानातल्या दुशान्बे शहरात, हवामानाचे हिशोब करणाऱ्या एका खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. काम होते धुक्याच्या थेंबांचे. ऊन चढले की थेंब सुकतात, पण त्यांचीच वाफ हवेत मिसळते, हवा ओलसर होते आणि सुकणे मंदावते. म्हणून वेळेचे बारीक तुकडे पाडायचे. दर तुकड्याला थेंबातून थोडे पाणी वजा करायचे आणि तेवढे हवेत मिळवायचे. तुकडा पाच सेकंदांचा असावा, असे तक्त्याच्या माथ्यावरच लिहिलेले होते. धुके किती वाजता विरेल, ते आम्ही विमानतळाला कळवत असू.

माझी मूठ ओइनिसो फिरवी. साऱ्या खोलीत तिचाच हात जलद. तिला आठवा महिना लागला होता. त्या हिवाळ्यात धुके रोजचेच झाले, काम उरकेना, तेव्हा खोलीचे प्रमुख फायझुल्लो-अका (अका म्हणजे दादा) यांनी तुकडा एकदम मिनिटाचा केला. मग मी ओळीओळीला वाजू लागले. थेंबात होते त्याहून जास्त पाणी आम्ही एका फटक्यात काढून घेत होतो. हवेला ओली व्हायला सवडच मिळत नव्हती.

"अका, थेंब उणे येतोय," ओइनिसो म्हणाली.

"उणे थेंब कुणी पाहिलाय, पोरी? शून्य लिही आणि पुढे चल."

तेच वळण पडले, आणि कागदावरचे धुके खऱ्याआधीच विरू लागले. शेजारच्या टेबलावरची सबोहत-अपा, म्हणजे सबोहतताई, तिला चिडवी, की पोटातले बाळ यायच्या आधीच तुझ्या टेबलावरचे रडायला लागले. शेवटी ओइनिसोनेच बाळाच्या गादीतला कापूस आणला आणि त्याचा बोळा माझ्या घंटेत कोंबला. मी वाजतच राहिले, पण कोणाला ऐकू जाईना.

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या कागदावर धुके अकराला विरले. त्या भरवशावर डोंगरांपलीकडच्या खोरोग गावाहून विमान सुटले. त्यात ओइनिसोची आई होती, पहिल्या नातवंडासाठी पाळणा घेऊन निघालेली. डोंगर ओलांडून आलेल्या त्या विमानांत दुसरीकडे वळण्याइतके इंधन नसे.

अकरा वाजले. खिडकीसमोरचा चिनारही दिसत नव्हता. वर कुठेतरी विमान घिरट्या घालत होते. ओइनिसोने माझ्यातला बोळा उपसून काढला, पाच सेकंदांचा तुकडा घेतला आणि पहिल्या ओळीपासून हिशोब मांडला. मी मनोमन विनवत होते, की आता तरी मला वाजू दे, हा हिशोब चुकू दे. दहाव्या ओळीपर्यंत हवा ओलीचिंब झाली आणि थेंब होते तसेच राहिले. घंटा एकदाही वाजली नाही.

"अपा, हे संध्याकाळपर्यंत नाही हटायचं," ती हळूच म्हणाली.

सबोहत-अपाने तिचा हात धरला. फायझुल्लो-अका फोनवर विमानतळाशी बोलत होते. वरचा आवाज खाली खाली आला आणि थांबला. "कोसळलं," म्हणत अकांनी फोन खाली ठेवला.

ओइनिसो त्या खोलीत पुन्हा आली नाही. मला कपाटावर ठेवले, तो बोळा अजून माझ्याशेजारी आहे. मित्रांनो, चूक दाखवणाऱ्याचा आवाज कानाला गोड नसतो, तरी त्याचे तोंड बंद करू नका. त्या हिवाळ्यात मी शेकडो वेळा वाजले होते.