हौसाबाईच्या नावानं

माझ्या आईला कुणी गरीब गाय म्हणू नका. गाय असलीच तर मारकी व्हती ती. हौसाबाई तिचं नाव. मी केरबा, तिचा एकुलता. कतारच्या दोहात अल नस्रला खोलीवर ऱ्हातो आन् वेस्ट बेच्या हापिसातल्या माणसांची बस चालवतो.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आई गेली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात रजा देतो, इन्शाल्ला. मयताला पुढच्या महिन्यात जाऊन काय डोंबल करायचं? दहाव्याला इथंच डोकं भादरून घेतलं आन् तसाच बसवर गेलो.

आता बाई कशी व्हती ते ऐका. माझी बायको वारली तवा राजश्री दोन वर्साची. आईनं पोर पदरात घेतली आन् मला इकडं धाडलं. पाचवीपास्नं शाळा पल्याडच्या गावात, वाटंवर टवाळ पोरं. तर ही रोज शेरडं घिऊन नातीसंगं जायची, शाळेम्होरं बांधावर दिसभर शेरडं चारायची आन् शाळा सुटली की दोघी माघारी. लोक चिडवायचे, "काय हौसाबाई, औंदा म्याट्रिकला बसतीस व्हय?" ती म्हणायची, "बसंन की. तुझ्यापरीस बरी पास व्हईन." सहा वर्सं तिनं हे केलं. पोरगी बारावी झाली तवा फोनवर मला बजावलं, राजश्री बी.एस्सी.ला जाणार, कुणी आडवं आलं तर मी हाय.

आन् तीच ऱ्हायली न्हाई.

तेरावं झाल्यावर जिन्यात बसून घरी फोन लावला. चुलत्यानं उचलला. तात्या घरातलं वडील माणूस, त्यांच्याम्होरं मी कधी मान वर केली न्हवती. ते म्हणाले, पोरीला स्थळ आणलंय. घरात मयत झाली की वर्साच्या आत लगीन उरकायचं, न्हाईतर तीन वर्सं कार्य न्हाई, अशी रीत हाय. कॉलेजचा फारम फाडून टाक म्हणून तिला सांगितलंय. तुझ्या आईच्या जिवाला तेवढीच शांती.

आईच्या नावावर हे चाललं व्हतं. तोंडात शिवी आली, पण गिळली. शिवी दिली असती तर तात्यांनी फोन आपटला असता आन् हिकडं मी बस चालवत असताना तिकडं अक्षता पडल्या असत्या.

मी हळूच इचारलं, "तात्या, रीत पक्की न्हवं? वर्सात झालं न्हाई तर तीन वर्सं न्हाई?"

"पक्की. वाडवडलांपास्नं."

"मग पुढच्या महिन्याची रजा मी घेत न्हाई. वर्सभर येत न्हाई. बापाबिगर लगीन लावलं तर भावकीत तुमचीच छी-थू व्हईल. थांबा आता तीन वर्सं. बी.एस्सी. बी तीनच वर्साची हाय."

दोन वर्सं झाली व्हती पोरीचं तोंड बघून. अजून एक गेलं. जाऊ दे.

तात्यांनी रिसीव्हर तसाच बाजूला ठिवला. मग राजश्रीचा आवाज आला. म्हणाली, तात्या उठून भाईर गेले, फारम मी फाडला न्हाई आबा.

"आजच निऊन दे," मी म्हणालो. "कुणी इचारलं तर सांग, हौसाबाईनं धाडलंय."