आधी धोंडूबाईंचं रक्त

धोंडूबाईंचा सहा दिवसांचा नातू वसईच्या एका नर्सिंग होममध्ये काचेच्या पेटीत होता. तो दूध ओढेना. डॉक्टर सुरुचींनी त्याचं रक्त घेतलं, एका बाटलीतल्या औषधाने तपासलं आणि अर्ध्या तासात सांगितलं, रक्तात जंतू गेलेत, मोठा रिपोर्ट तीन दिवसांनी येईल, पण इंजेक्शनं लगेच सुरू करू.

“अर्ध्या तासात?” धोंडूबाईंनी पाचूबंदरच्या मासळी लिलावात तीस वर्षं काढली होती. तिथे घाई करणारा काहीतरी लपवत असतो. “मोठ्या रिपोर्टाला तीन दिवस लागतात म्हनालीस ना, बाय?”

“तीन दिवस थांबलो तर बाळ हातचं जाईल, मावशी.”

“मंग आधी माझं रगत तपास. माझ्यातपन जंतू निघाले, तर तुझी बाटली खोटी.” बंदरावर नवा तराजू आला की त्या आधी घरचं माप टाकून पाहत.

मुलगा कल्पेश शरमला. “आई, डॉक्टर हायत त्या!”

“म्हनून तर!”

डॉक्टरांनी धोंडूबाईंचं रक्त घेतलं. मग काचेवर दोघांचे थेंब शेजारी ठेवून त्यांत बाटलीतलं दुधासारखं औषध मिसळलं. धोंडूबाईंचा थेंब तसाच राहिला. बाळाचा नासलेल्या दुधासारखा फुटला.

धोंडूबाईंनी काच जवळ ओढून पाहिली. “टोच,” म्हणाल्या.

चौथ्या दिवशी बाळ दुधासाठी भोकाड पसरून रडत असताना मोठा रिपोर्ट आला. त्यातही जंतूच. धोंडूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि कल्पेशच्या कानाशी लागल्या.

“हा पयल्यावरून उतरवलाय. नायतर अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस कशाला लागतील?”