गन्नानचा टोप

बोचकं दोन वर्षांनी उघडलं, तर आत ते तसंच काळंभोर वेटोळं घालून बसलेलं. मोठ्या लेकीच्या लग्नातलं गंगावन. वेणीवर वेणी चढवून बांधलेला केसांचा टोप, दोन हातांनीच उचलावा असा.

"तेल लावलं की नव्यासारखा होईल," वन्सं म्हणाल्या. "वर आणखी चार वेण्या चढवते. व्याही बघतच राहतील!"

गन्नानची आई दारातच थबकली. थोरली गन्नान गेली तरी गाव आईला अजून त्याच नावानं हाक मारी. तेरा वर्षांची पोर. सासरे खोलीत आले म्हणून नवी सून लगबगीनं उठायला गेली, टोप कलला आणि मान काटकीसारखी मोडली. सासरच्यांनी लेक तिकडेच पुरली. टोप मात्र रेशमी फडक्यात बांधून परत पाठवला.

आज धाकटी, ओक्दान, सासरी निघाली होती. परवा याच अंगणात लग्न लागलेलं. आता पालखी दारात होती. तिकडे पोचल्या पोचल्या सासऱ्यापुढे खाली बसून वाकायचं आणि उठायचं.

"वन्सं, ठेवा तो खाली. मी काळी टोपी शिवलीय."

"अक्रोडाएवढी? लोक म्हणतील, मुन घराण्यानं केस विकून खाल्ले!"

"टोप बंद करा, टोपी घाला, असा राजाचाच हुकूम आहे ना?"

"राजा येतोय होय गं बघायला?"

आतून नवऱ्याचा आवाज आला, "काय कटकट आहे? चढवा टोप आणि निघा. मुनांची मुलगी बोडकी जाणार नाही!"

तिनं टोप उचलला आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, डोक्यावरचं काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना! हा घाला. मी तुमचा सासरा. वाका आणि उठा."

दारातले पालखीवाले खुसखुसले. मुन चिडला, पण मागे हटला तर हसं झालं असतं. "एवढंच ना?" म्हणत त्यानं टोप चढवला. वाकला. उठताना हात झटकन मानेकडे गेला, तोंड लालबुंद झालं, भिंत धरून तो खालीच बसला. टोप घरंगळून मांडीवर पडला.

आता हा गन्नानचं नाव घेईल, तिला वाटलं. नुसतं नाव घेतलं तरी पुरे.

मुननं मान चोळली. "बायकांच्या मानेला सवय असते," तो म्हणाला.

"सवय? माझ्या पोरीला सवय व्हायला तरी जगू दिलंत का? माणूस ठेवून घेतलं त्यांनी, केस परत केले. आणि तुम्ही ते जपून ठेवलेत, धाकटीसाठी!"

टोप ओढून घेत ती स्वयंपाकघरात गेली. विळ्यानं दोऱ्या कापल्या आणि एकेक वेणी चुलीत सारली. केस चरचरले, वळवळले. गन्नानला न्हाऊ घालताना म्हणायची तीच ओवी ती दात खात म्हणू लागली:

लेकीची बाई मान, जशी भाताची काडी
दाणा भरू दे आधी, मग वाकू दे थोडी.

चुलीची धग जमिनीखालच्या बोळातून नवऱ्याच्या खोलीखाली जाई. घरातली सगळ्यात ऊबदार जागा त्याची. फरशीच्या भेगांतून जळक्या केसांचा वास तिथे वर आला.

"अगं, धूर! बंद कर ते!"

"बसा तिथंच! ऊब घ्या!"

वन्सं ऊर बडवत राहिल्या. तिनं हात धुतले आणि ओक्दानच्या डोक्यावर काळी टोपी बसवून हनुवटीखाली गाठ मारली.

"मान वळव. इकडे. आता तिकडे. वर बघ."

ओक्दाननं वर पाहिलं, आणि त्या वासानं तिला सटकन शिंक आली. टोपी जागची हलली नाही.

"आई, सासूबाई काही बोलल्या तर?"

"म्हण, आईनं जाळला. आणि सासरे आले की सावकाश ऊठ. थांबू दे त्यांना."

पालखी उचलताना पुढचा भोई मागच्याला म्हणाला, "हलकीय रे!"

मुन खोकत, अनवाणी अंगणात आला. एक हात अजून मानेवरच होता. ती त्याच्याकडे न बघता आत वळली. एक वेणी अजून उरली होती.